वोल्तेर्रा

इटलीच्या टस्कनी प्रदेशातील तटबंदीचे प्राचीन शहर व अलाबास्टर या मऊ दगडाच्या कलाकुसरीचे केंद्र. पिसा प्रांतात, चेचिना व एरा या नद्यांच्या खोऱ्यांमधील डोंगरावर, सुमारे ५३० मी. उंचीवर ते वसले आहे. लोकवस्ती १०,००० च्या आसपास. रेल्वे डोंगराच्या पायथ्याशी, सालीने दी वोल्तेर्रापर्यंतच येते. पुढचा घाट बसने चढावा लागतो.

रोमनांपूर्वी इथे नांदणारे इट्रुस्कन लोक या नगराला ‘वेलाथ्री’ म्हणत. इ.स.पू. चौथ्या शतकातला त्यांचा तट सुमारे ७ किमी. लांब होता, तेराव्या शतकातला तट त्याच्या निम्माही नाही. आज गावाला वेढून उभा दिसतो तो मुख्यतः हा दुसरा तट. जानेवारी २०१४ मध्ये मोठ्या पावसानंतर त्याचा एक भाग ढासळला. वायव्येकडे तर बाल्त्से नावाचे मातीचे कडे शतकानुशतके खचत आहेत. इट्रुस्कन दफनभूमीचा आणि जुन्या तटाचा बराच भाग त्यांनी गिळला आहे.

पाहुण्याने दक्षिणेकडच्या पोर्ता आल्लार्को या वेशीतून आत शिरावे. कमानीवर तीन दगडी शिरे आहेत, पण वाऱ्यापावसाने इतकी झिजलेली की नाक-डोळे शोधूनही सापडत नाहीत. जून १९४४ मध्ये माघार घेणारे जर्मन सैन्य ही वेस उडवून देणार होते. गावकऱ्यांनी रस्त्याच्या फरशा उखडल्या आणि एका दिवसात कमान चिणून बंद केली. वाट बंद झाल्यावर स्फोटाची गरज उरली नाही, वेस वाचली. वर चढत गेले की चौकात पलाझ्झो देई प्रिओरी लागतो. १२०८ ते १२५७ दरम्यान बांधलेली ही टस्कनीतली सर्वांत जुनी नगरपालिका इमारत. उत्तरेच्या तटाबाहेर रोमन रंगमंडल आहे. विसाव्या शतकात खणून काढेपर्यंत ते मातीखालीच होते.

अलाबास्टर म्हणजे जिप्समचा दाट, बारीक कणांचा प्रकार. इजिप्तमध्ये त्याच नावाने ओळखला जाणारा दगड कॅल्साइटचा असतो. दोहोंची गल्लत नेहमी होते. वोल्तेर्राचा अलाबास्टर इतका मऊ की नखाने ओरखडा उमटतो. आसपासच्या मातीत तो गोट्यांच्या रूपात सापडतो; पांढराशुभ्र माल प्रामुख्याने कास्तेलिना मारित्तिमाकडून येतो. लेथवर वाटी किंवा दिवा कातताना पातळ कडेतून उजेड आरपार दिसू लागतो, हेच या दगडाचे खरे देखणेपण. गंमत अशी की संगमरवरासारखा दिसावा म्हणून कारागीर हीच पारदर्शकता घालवतही असत: वस्तू पाण्यात ठेवून हळूहळू उकळीच्या जवळ नेली की दगड अपारदर्शक होतो. पाण्यात तो थोडा विरघळतोही, त्यामुळे उघड्यावर टिकत नाही. तटाला दुसराच, स्थानिक वालुकामय चुनखडीसारखा दगड वापरला, तो त्यामुळेच.

इट्रुस्कनांनी मृतांची राख ठेवण्यासाठी या दगडाच्या रक्षापेट्या कोरल्या. मृताची आकृती झाकणावर कोपर टेकून पहुडलेली, खाली पुराणकथांचे प्रसंग. धड आखूड आणि डोके मोठे. मारिओ ग्वार्नाच्ची यांनी १७६१ मध्ये शहराला दिलेल्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात अशा ६०० हून अधिक पेट्या आहेत. ‘संध्याकाळची सावली’ या नावाचा काडीसारखा लांबट ब्राँझचा मुलगाही तिथेच.

दुकानांतून सांगितली जाणारी ‘तीन हजार वर्षांची अखंड परंपरा’ मात्र खरी नाही. रोमन काळानंतर हे काम जवळजवळ थांबले. सोळाव्या शतकात ते पुन्हा मूळ धरू लागले. मार्चेल्लो इंगिरामी फेई यांनी १७९१ मध्ये मोठी कार्यशाळा काढली आणि एकोणिसाव्या शतकात फिरते विक्रेते हा माल घेऊन समुद्रापार जाऊ लागले. त्यांच्यापैकी एका घराण्याच्या पलाझ्झो वीती या वाड्यामध्ये अलाबास्टरचे दोन भव्य दीपस्तंभ आहेत. मेक्सिकोचा सम्राट माक्सिमिलियान याच्यासाठी ते बनवले होते. १८६७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि माल घरातच राहिला.

कामाची विभागणी जुनी: कातारी वेगळा, नक्षीकाम करणारा वेगळा, प्राणी कोरणारा वेगळा. कार्यशाळा आता मोजक्याच राहिल्या आहेत. त्या ओळखायची खूण पाटी नव्हे. ज्या दाराच्या उंबऱ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी साचलेली असते, तिथे आत काम चालू असते.