पिटुनियानं मान टाकली की आधी कुंडी उचलून बघा

संक्रांत झाली की आमच्या नर्सरीत दोन गर्द्या होतात. सकाळची गर्दी सीझनल फुलझाडं न्यायला येते. संध्याकाळची गर्दी आठवड्यापूर्वी नेलेलं झाड कापडी पिशवीत घालून परत आणते. "दादा, रोज न चुकता पाणी घातलं हो, तरी मेलं." या वाक्यातच झाड मेल्याचं कारण आहे. ते दिवसातून पाच-सहा वेळा समजावून सांगताना आमचा घसा बसतो आणि मागची गिऱ्हाइकं ताटकळतात. म्हणून हे पत्रक. बिलाबरोबर घरी न्या आणि कुंडीजवळ ठेवा.

मागच्या माघात शाहूपुरीतून एक काकू आल्या होत्या. जांभळा पिटुनिया, चांगला भरगच्च नेलेला. परत आला तेव्हा पानं पिवळी, शेंडे लोंबलेले. मी कुंडी उपडी करून त्यांच्यासमोरच मुळांचा गड्डा बाहेर काढला. खालची दोन बोटं नुसता चिखल, मुळं तपकिरी, आणि वास असा की उन्हाळ्यात डब्यात राहिलेली डाळ. काकू म्हणाल्या, "पण वरची माती तर कोरडी होती!" बरोबर आहे, कोरडीच होती. फसगत होते ती इथंच.

आमच्या कुंडीत साधी माती नसते, कोकोपीट असतं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटचा वरचा थर वाऱ्यानं तासाभरात फिकट पडतो, पण आतलं तीन-तीन दिवस ओलं राहतं. वरून बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो तांब्याभर ओततो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कोकोपीटच्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग त्यांना बुरशी धरते आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून बुडाशी पाणी असूनही पानं मान टाकतात. मान टाकलेली बघून आपण आणखी पाणी घालतो. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं हो. त्यात तुमचीही चूक म्हणता येणार नाही.

फरक कळतो तो वजनात. नर्सरीतून नेताना आम्ही कुंडी पाणी घालून तुमच्या हातात देतो. ते वजन हाताच्या लक्षात ठेवा. घरी रोज सकाळी एका हातानं कुंडी उचला. जड लागली तर तशीच ठेवून चहा प्यायला जा. फुलासारखी हलकी लागली की खालच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत भरपूर घाला आणि पुन्हा हलकी होईपर्यंत विसरा. रोज अर्धा कप, अर्धा कप करून घालू नका. त्यानं वरचं ओलं राहतं आणि खालच्या मुळांपर्यंत काहीच पोचत नाही. पाणी कास तलावाचं नळाचं असो की बोअरचं, त्यानं या झाडांना एवढा फरक पडत नाही. किती आणि कधी, त्यानं पडतो.

सहा इंची कुंडीचा आमचा अनुभव सांगतो. जानेवारीत घरात ठेवलेल्या कुंडीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी लागतं, उन्हाच्या गॅलरीत एक दिवसाआड आणि मार्चच्या चटक्यात रोज. तरी आकड्यांवर जाऊ नका, हातावर जा.

दुपारी दोनला उन्हातल्या पिटुनियानं मान टाकली आणि कुंडी जड आहे, तर संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन कलल्यावर तो आपणहून उभा राहतो. सकाळी सातलाच मान खाली असेल तर मात्र कुंडी उचलून बघायलाच हवी. हलकी असेल तर तहान, जड असेल तर बुडालंय. कोकोपीट एकदा पार वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं, आत मुरत नाही. अशा वेळी कुंडी अर्ध्या बादली पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग निथळू द्या.

बुडालेलं झाडही वाचतं, वेळेत धावलात तर. गड्डा बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, रात्रभर सावलीत ठेवा. काळी, पिळपिळीत मुळं कात्रीनं उडवा, वरचा एक तृतीयांश शेंडा छाटा, कोरड्या मिश्रणात लावा आणि वजन हलकं होईपर्यंत पाण्याचा थेंब घालू नका. अर्ध्याहून जास्त मुळं पांढरी असतील तर झाड उठतं. नसतील तर माझ्याकडे आणूनही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता शोभेच्या कुंडीचं. चिनी मातीच्या नक्षीदार कुंड्या हल्ली सगळ्यांना हव्या असतात, आणि आम्हीही विकतो, खोटं कशाला बोलू. बहुतेकींना खाली भोक नसतं. त्यात थेट झाड लावून द्या म्हणून हट्ट धरलात तरी आम्ही लावून देत नाही. काही जणांना तो आमचा आडमुठेपणा वाटतो. झाड आमच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती नक्षीदार कुंडीच्या आत बसवा. आत तळाला दिवाळीच्या उरलेल्या दोन-तीन पणत्या उलट्या घाला, म्हणजे आतली कुंडी निथळलेल्या पाण्यात बसत नाही. पाणी घालायचं तेव्हा ती बाहेर काढून बेसिनमध्ये घाला, दहा मिनिटं निथळू द्या, मग परत ठेवा. ही एवढी तसदी घेणाऱ्यांची झाडं होळीपर्यंत फुलतात.

दुसरी तक्रार असते, "कळ्या उमलल्याच नाहीत." तेव्हा मी विचारतो, झाड कुठं ठेवलं होतं? उत्तर ठरलेलं, टीव्हीशेजारी. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, कॅलेंड्युला या सगळ्यांना चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा हॉल झाडाला अंधारी खोली असते. म्हणून आमचा सल्ला असा: चार कुंड्या घ्या, तीन गॅलरीत आणि एक हॉलमध्ये. दोन-तीन दिवस पाहुणचार झाला की आतली बाहेर आणि बाहेरची आत. हॉल कायम फुललेला दिसतो आणि कुठलंच झाड दमत नाही. चार कुंड्या सांगतो म्हणजे धंदा करतो असं वाटेल. करतोच आहे. पण एकच कुंडी सहा वेळा नेणाऱ्यापेक्षा चार एकदाच नेणारा खर्चात वाचतो, हा हिशेब घरी करून बघा.

गॅलरीत ऊनच येत नसेल तर तसं आधी सांगा. सिनेरेरिया थोड्या सावलीत चालतो, पॅन्सीला सकाळचं कोवळं ऊन पुरतं. पॅन्सीबद्दल एक आहे, तिला थंडी प्यारी. पहाटे अजिंक्यताऱ्यावर धुकं उतरतंय तोवर ती खूश असते; फेब्रुवारी संपत आला की तिचे दिवस भरले. तेव्हा उशिरा येऊन पॅन्सी मागाल तर मीच तुम्हाला परावृत्त करीन.

हळदीकुंकवाचं वाण म्हणून रोपं नेणाऱ्या वहिनींना विनंती. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी येऊन पन्नास रोपं मागू नका. चार दिवस आधी सांगितलंत तर एका मापाची, कळ्या धरलेली, धुऊन पुसलेल्या पिशवीतली रोपं वेगळी काढून ठेवतो. रोपाबरोबर हे पत्रकही देतो. नाहीतर तुमच्या मैत्रिणी आठवड्यानं तुमचंच नाव घेऊन आमच्याकडे भांडायला येतात.

पूर्ण फुललेलं झाड द्या, असा आग्रह असतो. आम्ही होईल तितकं कळ्यांचं देतो, चार-पाच फुलं उमललेलं. पूर्ण फुललेलं झाड रिक्षातून घरी पोचेपर्यंत निम्मी फुलं टाकतं आणि उरलेली तीन दिवसांत सुकतात. कळ्यांचं झाड तुमच्या घरी फुलतं. सुकलेली फुलं मात्र खुडत राहा, आणि नुसती पाकळी ओढू नका, खालचा हिरवा बोंडासारखा भाग नखानं तोडा. बी धरायला लागलं की झाड फुलं द्यायचं थांबतं.

खत दर पंधरा दिवसांनी, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम, तेही कुंडीत ओल असतानाच. शेतात उरलेला युरिया चिमूटभर घालून बघणारे बरेच आहेत. त्यानं पानं उसासारखी माजतात आणि फूल दिसत नाही.

ट्युलिपचं विचारणाऱ्यांसाठी. श्रीनगरच्या बागेचे फोटो दर मार्चअखेरीला सगळ्यांच्या मोबाइलवर येतात आणि आठवड्याभरात आमच्याकडे विचारणा सुरू होते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे ती फ्रिजमध्येच मिळणार, आणि त्यानंतरही आपल्या उन्हात तो एकदा फुलून संपतो. म्हणून आम्ही ठेवत नाही. त्याऐवजी मोठ्या लाल लिलीचा कंद न्या. मान मातीच्या वर ठेवून लावा, पान फुटेपर्यंत पाणी हात राखून घाला. मार्चच्या आसपास हातभर दांड्यावर भोंग्याएवढी फुलं येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

कासची फुलंही मागतात लोक, बी तरी द्या म्हणतात. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथलं काही उपटून आणायचं नाही आणि विकायचंही नाही. शिवाय ती पावसाळ्याची फुलं. सीतेची आसवं, गेंद ही मंडळी जांभ्या खडकावर झिरपणाऱ्या पाण्यात पाय बुडवून जगतात. बुडवायची हौस त्यांच्यावर भागवता आली असती, पण ती कुंडीत नांदत नाहीत.

कुंडीची कटकटच नको असेल तर कापलेली फुलं न्या. निशिगंध आणि ग्लॅडिओलस आमच्याकडे शुक्रवारी सकाळी येतो. ग्लॅडिओलस खालच्या दोन कळ्यांत रंग दिसतोय एवढाच घ्या, वरच्या घरी उमलतात. फुलदाणीत ठेवण्याआधी दांडा इंचभर तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी रोज बदला. जरबेऱ्याला मात्र दोन-तीन इंचच पाणी ठेवा, त्याचा दांडा लवकर सडतो. आणि फुलदाणी पिकल्या केळ्यांच्या घडाशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं फुलं लवकर कोमेजतात. पूजेच्या चौरंगावर नेमकं हेच होतं.

फुकटातलंही एक सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला पळस आणि पांगारा पेटलेला असतो. खाली पडलेली फुलं ओंजळभर वेचा, पितळी घंगाळात पाणी भरून सोडा आणि दारात ठेवा. फांद्या मोडू नका, घरी आणेपर्यंत फुलं गळतातच.

बदलून देण्याबद्दल: नेल्यापासून तीन दिवसांत कीड दिसली, मावा किंवा फुलकिडे, तर झाड बदलून देतो, वाद घालत नाही. मुळं कुजलेली असतील तर देत नाही. गड्डा तुमच्यासमोरच काढून दाखवतो. आमच्याही हातून हे झालंय. पहिल्याच हिवाळ्यात मी अख्खी एक ओळ रोज पाणी मारून घालवली होती, तेव्हा कुणी बदलून दिली नाही.

सीझनल झाडं एप्रिलच्या उन्हात जाणारच, तेव्हा रिकाम्या झालेल्या काळ्या कुंड्या टाकू नका. धुऊन परत आणल्यात तर पुढच्या झाडात पाच रुपये कमी करतो. मोगऱ्याच्या पिशव्या होळीच्या सुमारास येतील. सोमवारी नर्सरी बंद असते.