मुक्त शैक्षणिक संसाधने : पदवीच्या पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम

जे शैक्षणिक साहित्य विनामूल्य मिळते आणि जे ठेवून घेण्याची, वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्या साहित्यात मिसळण्याची व पुढे वाटण्याची परवानगी हक्कधारकाने सर्वांना आधीच लेखी दिलेली असते, त्याला मुक्त शैक्षणिक संसाधन म्हणतात. प्रताधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपलेले साहित्यही यात मोडते. पाठ्यपुस्तके, प्रश्नसंच, प्रयोगपुस्तिका, व्याख्यानांच्या चित्रफिती, संगणकावर चालणारी सिम्युलेशन्स असे त्याचे अनेक प्रकार आहेत. महाविद्यालयांत ‘फुकट मिळणारी पीडीएफ’ एवढीच त्याची ओळख असते आणि ती अपुरी आहे. इंटरनेटवर विनामूल्य वाचता येणाऱ्या पुष्कळ पुस्तकांवर ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले असते. ती वाचता येतात, पण त्यातले एक उदाहरण बदलून ते प्रकरण वर्गाला वाटता येत नाही. शिकवणाऱ्याला मात्र नेमकी हीच मुभा सगळ्यात जास्त लागते.

ही चळवळ पदवीच्या पहिल्या वर्षाभोवती वाढली याला कारण आहे. न्यूटनचे नियम, मागणी-पुरवठा, सरासरी आणि प्रमाण विचलन, पेशीची रचना हा मजकूर जगभर जवळपास सारखा असतो आणि दर वर्षी बदलत नाही. विद्यार्थीही याच वर्षात सर्वाधिक असतात. एकदा नीट लिहून घेतलेले पुस्तक त्यामुळे हजारो वर्गांना पुरते. शेवटच्या वर्षाच्या विशेष पेपरांत हे गणित जमत नाही.

अमेरिकेत या ओढीला किमतीचे कारणही जोडले गेले. तिथली पहिल्या वर्षाची पुस्तके महाग. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते, तीत उदाहरणांचे क्रमांक बदलतात आणि जुन्या बाजारातून घेतलेले पुस्तक गृहपाठाला निरुपयोगी ठरते. पुढे ऑनलाइन गृहपाठासाठी एकदाच वापरता येणारा संकेतांक पुस्तकासोबत विकला जाऊ लागला आणि जुने पुस्तक घेण्याचा मार्ग जवळजवळ बंदच झाला.

इतिहास थोडक्यात असा. टेक्सासमधील राइस विद्यापीठात रिचर्ड बरान्युक यांनी १९९९ मध्ये ‘कनेक्शन्स’ हा प्रकल्प सुरू केला. अमेरिकेतीलच मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने (एमआयटी) २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा केली. जुलै २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात, हक्कधारकांना अशी परवानगी देण्यासाठी तयार परवाने बनवणाऱ्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे पहिले परवाने आले. कनेक्शन्समधूनच २०१२ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ उभे राहिले. पहिल्या वर्षाच्या विषयांची पूर्ण लांबीची, तज्ज्ञांनी तपासलेली पुस्तके काढणे हेच त्याचे काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २००८ मध्ये रसायनशास्त्रापासून सुरू झालेला ‘लिब्रेटेक्स्ट्स’ हा दुसरा मोठा साठा. व्हर्जिनियातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजने २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांवर काहीही खर्च न करता पूर्ण करता येईल असा पदवीक्रम सुरू केला. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावर औपचारिक शिफारस मंजूर केली. उपयोगाविषयी बोलायचे तर जॉर्जिया विद्यापीठातील २१,८२२ विद्यार्थ्यांच्या निकालांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. मुक्त पुस्तके लावल्यावर तिथे नापास होणारे व विषय मध्येच सोडणारे कमी झाले, आणि सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांत हा फरक जास्त दिसला.

परवाना

कोणतेही साहित्य घेण्याआधी पहिल्या पानावरचा परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत चार अटी निरनिराळ्या प्रकारे एकत्र येतात. ‘बाय’ म्हणजे मूळ लेखकाला श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली वाटा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली कृती वाटू नका. भाषांतर हाही बदलच धरला जातो. म्हणून अर्थशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी नावाजलेले ‘कोअर’ प्रकल्पाचे ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक वर्गात बिनदिक्कत वाचायला लावता येते, पण ते ‘बाय-एनसी-एनडी’ असल्याने परवानगीवाचून त्याचे मराठी रूपांतर करून वाटता येत नाही.

गोंधळ जास्तीत जास्त होतो तो दोन परवाने मिसळताना. मराठी विकिपीडियाचा मजकूर ‘बाय-एसए’ आहे, तर ओपनस्टॅक्सचे कॅल्क्युलसचे तीन खंड ‘बाय-एनसी-एसए’ आहेत. पहिला म्हणतो, माझ्यापासून बनलेली कृती व्यापारी वापरालाही खुली ठेवा. दुसरा म्हणतो, व्यापारी वापर बंद ठेवा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून दोघांतला मजकूर एकजीव करून नवे प्रकरण लिहिता येत नाही. दोन्ही मजकूर स्वतंत्र ठेवून, प्रत्येकावर त्याचा परवाना लिहून, एका संचात देता येतात. नुसते ‘बाय’ असलेले साहित्य मात्र यांपैकी कशातही मिसळते. पहिल्यांदाच काम हाती घेणाऱ्यांनी शक्यतो तेच घ्यावे. नव्या आवृत्तीचा परवाना जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा हातातल्या प्रतीवरचा परवाना पाहून तिची फाइल जपून ठेवावी. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल नेहमी विचारले जाते : ‘एनसी’ पुस्तक दुकानदाराकडून पैसे देऊन छापून घेतले तर तो व्यापारी वापर होतो का? अमेरिकेतील दोन अपील न्यायालयांनी २०१८ आणि २०१९ मध्ये याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. शाळेच्या सांगण्यावरून छापणारा दुकानदार शाळेच्याच परवान्याखाली काम करतो. भारतात दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठीच्या संकलित प्रतींना प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमाचा आधार दिला, पण तो हक्क राखीव असलेल्या पुस्तकांतील उताऱ्यांचा प्रश्न होता. मुक्त परवान्याच्या पुस्तकासाठी त्या कलमापर्यंत जावेच लागत नाही.

आणखी एक बाजू शिक्षकांच्या ध्यानात सहसा राहत नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या साहित्याचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो. आपल्या टिपणांवर मुक्त परवाना घालण्याआधी महाविद्यालयाकडून तसे पत्र घेऊन ठेवावे.

रूपांतराचे काम

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा यांत्रिकीचा २ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर घेऊ. श्रेयांकाला १५ तास या हिशोबाने शिकवायला ३० तास मिळतात. ओपनस्टॅक्सच्या ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’च्या पहिल्या खंडात १७ प्रकरणे आहेत, ती सगळी ३० तासांत होणार नाहीत. आधी अभ्यासक्रमाच्या प्रत्येक घटकासमोर पुस्तकातील कलमाचा क्रमांक आणि लागणारे तास लिहून एक तक्ता करावा. रिकाम्या राहणाऱ्या जागा या तक्त्यात लगेच दिसतात. प्रत्यास्थता आणि श्यानता या पुस्तकात आहेत, पृष्ठताण नाही. तो त्याच प्रकाशकाच्या ‘कॉलेज फिजिक्स’मध्ये ११व्या प्रकरणात सापडतो. मात्र ते पुस्तक कॅल्क्युलसशिवाय लिहिलेले आहे, त्यामुळे सूत्रांची सिद्धता आपली घालावी लागते. तुळईचे वाकणे आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत असते आणि या दोन्ही पुस्तकांत नसते. ते स्वतःच लिहावे. शंभरातली नव्वद पाने तयार मिळाली तरी उरलेली दहा लिहायला सगळ्यात जास्त वेळ जातो, हे वेळापत्रक आखताना धरून चालावे.

उदाहरणे बदलताना आकडा खोडून दुसरा आकडा लिहिणे पुरत नाही. समजा, विद्युत मंडलाच्या प्रकरणात अमेरिकेतील घरगुती १२० व्होल्टवर चालणारा १,४४० वॅटचा हीटर आहे. त्यातून १२ अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे तारेचा रोध १० ओहम. रूपांतर करणाऱ्याने १२०च्या जागी आपल्याकडचे २३० घातले आणि १० ओहम तसेच ठेवले, तर प्रवाह २३ अँपिअर आणि शक्ती ५,२९० वॅट निघते. असा हीटर घरातल्या सॉकेटला लावताच येणार नाही. शक्ती १,४४० वॅटच ठेवायची असेल तर प्रवाह सुमारे ६.२६ अँपिअर आणि रोध सुमारे ३६.७ ओहम घ्यावा लागतो. मग त्याच उदाहरणावर बेतलेले पुढचे तीन प्रश्न, उत्तरसूची आणि आकृतीत छापलेली ‘१० ओहम’ ही खूण, सगळे बदलते. प्रत्यावर्ती प्रवाहात ६० हर्ट्झचे ५० केले की ०.१ हेन्रीच्या वेटोळ्याचा रिॲक्टन्स ३७.७ ओहमवरून ३१.४ वर येतो. म्हणून बदललेले प्रत्येक उदाहरण दुसऱ्या शिक्षकाने उत्तर न पाहता सोडवून बघावे. मैल, पौंड आणि फॅरनहाइट शोधायला शब्दशोध पुरतो. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू कसा उडतो हे गृहीत धरणारे उदाहरण वाचल्याशिवाय सापडत नाही.

आकृत्या वेगळ्या तपासाव्यात. संपूर्ण पुस्तक ‘बाय’ असले तरी आतली छायाचित्रे दुसऱ्यांची असू शकतात आणि त्यांचा परवाना चित्राखाली बारीक अक्षरांत दिलेला असतो. ओपनस्टॅक्सचे नाव, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ परवान्यात येत नाहीत. रूपांतरित पुस्तकाला मुखपृष्ठ आपले करावे. रंगीत आलेख वर्गात काळ्या-पांढऱ्या प्रतीत पोहोचतात आणि लाल-निळ्या रेषा सारख्याच करड्या दिसतात. एक रेषा सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची अशी पुन्हा काढली की हा त्रास जातो.

श्रेयाची ओळ साधारण अशी असावी : ‘या प्रकरणाचा आधार : युनिव्हर्सिटी फिजिक्स, खंड १, लेखक विल्यम मोब्स, सॅम्युएल लिंग, जेफ सॅनी, प्रकाशक ओपनस्टॅक्स, परवाना सीसी बाय ४.०. बदल : मराठी भाषांतर, उदाहरण ३ व ७ मधील आकडे बदलले, आकृती २ नव्याने काढली.’ तिला मूळ पुस्तकाचा आणि परवान्याचा दुवा जोडावा. ‘काय बदलले’ हा शेवटचा भाग गाळला जातो आणि तोच आवश्यक असतो, कारण आपल्या चुकीचा दोष त्याविना मूळ लेखकांवर जातो. श्रेय द्यायचे राहून गेले तर परवाना आपोआप संपतो. परवान्याच्या ४.० आवृत्तीत मात्र चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर तो पुन्हा लागू होतो.

मराठीत आणताना

पहिल्या वर्षाला आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत चाल, वेग, त्वरण, संवेग, कार्य, शक्ती हे शब्द शिकून आलेला असतो. पुस्तकात ‘स्पीड’ला एका ठिकाणी गती, दुसरीकडे वेग म्हटले, तर त्याची आधीची समज मोडते. भाषांतराला बसण्याआधी भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशावरून आणि शालेय पुस्तकांवरून दोनशे-अडीचशे शब्दांची यादी पक्की करावी आणि ती सर्व भाषांतरकारांच्या हाती द्यावी. यंत्राकडून पहिला खर्डा करून घेणे आता सोपे आहे, पण ‘करंट’चे ‘सध्याचे’, ‘फील्ड’चे ‘शेत’, ‘पॉवर’चे ‘सत्ता’ होऊ शकते. त्याहून धोकादायक म्हणजे ‘मास’ आणि ‘वेट’ दोन्हींसाठी ‘वजन’ येणे, कारण ते वाक्य वाचताना खटकत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, टंकावा. युनिकोडपूर्व फाँटमधली पाने छापील दिसायला सुंदर असतात, पण ती दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. युनिकोड असूनही नुसती पीडीएफ देणे पुरेसे नाही. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला की पहिली वेलांटी पुष्कळदा भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षरे फुटतात, रफार हरवतो. म्हणजे परवान्याने दिलेली बदलाची मुभा प्रत्यक्षात हिरावली जाते. सोबत मूळ संपादनक्षम फाइल ठेवावी आणि सूत्रे चित्र म्हणून न घालता लाटेक या सूत्रलेखनाच्या प्रणालीत किंवा शब्दसंपादकाच्या सूत्रसाधनात लिहावीत.

तयार मराठी साहित्य अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या सुमारे दहा मिनिटांच्या चित्रफिती मराठीतही देतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ सिम्युलेशन्सपैकी अनेक मराठीत आहेत, आणि त्यांची फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेतही चालते. पूर्ण लांबीचे, नीट तपासलेले पाठ्यपुस्तक ही खरी उणीव आहे आणि ती भरून काढणे महाविद्यालयांच्या आवाक्यातले काम आहे.

पुस्तक वर्गात गेल्यावर चुका सापडतातच. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापावी, शुद्धिपत्र एकाच ठिकाणी ठेवावे आणि दुरुस्त फाइल सत्र संपल्यावरच बदलावी. ए-४ आकाराची १५० पाने पाठपोट छापली तर ७५ कागद लागतात. हा खर्च विद्यार्थ्याने वर्षातून दोनदा करू नये. नवी उदाहरणे प्रकरणाच्या शेवटी घालावीत आणि जुन्यांचे क्रमांक कधीही हलवू नयेत. दोन वर्षांपूर्वीची प्रत ताईकडून घेतलेल्या मुलीलाही ‘प्रकरण ४, उदाहरण १२’ म्हटल्यावर तेच उदाहरण समोर दिसले पाहिजे.