पेटीवरचं नाव: 'स्टार ट्रेक'च्या उपमालिका आणि चाहत्यांची कुरकुर

कुडाळच्या एका मित्राला 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजांच्या सफरींच्या अमेरिकी कथामालेतली नवी मालिका कशी वाटली असं विचारलं की तो वर्षानुवर्षं एकच उत्तर देतो, "पेटीवर देवगड लिवलेला, आत काय आसा ता देवाक म्हायत." हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मित्राची तक्रार चवीपेक्षा पेटीवरच्या नावाबद्दल जास्त आहे. 'स्टार ट्रेक'च्या उपमालिकांवर चाहते का चिडतात याचा माग काढताना मलाही तेच दिसलं. कथा बिघडल्या हे काही वेळा खरं आहेच. पण प्रत्येक वेळी कोणाला तरी नवं दुकान उघडायचं होतं आणि त्यावर लावायला ही जुनी पाटी हाताशी होती.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी कुणकुण लागताच बिजो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. पत्रांचा असा पाऊस पडला, की मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरूनच सांगावं लागलं, मालिका चालू राहणार आहे, आता पत्रं पुरे. तिसरं वर्ष मिळालं, पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घरात नसण्याची. जून १९६९ मध्ये ७९ भागांवर खेळ आटोपला. पुढे गावोगावच्या स्थानिक केंद्रांवर पुनःप्रक्षेपण होत राहिलं आणि खरी लोकप्रियता तिथे आली. या सगळ्यात चाहत्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: ही मालिका आपण वाचवली, म्हणजे हिच्यावर आपला मान आहे. मानकऱ्याला न विचारता पालखी हलवली की देवळात काय होतं हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पुढची सगळी भांडणं त्याच जातीची आहेत.

पाटी लावण्याचा पहिला प्रयत्न फसला. १९७७ मध्ये पॅरामाउंटला स्वतःचं प्रसारण जाळं उभारायचं होतं आणि त्यासाठी जुन्याच जहाजाची नवी मालिका योजली होती. जाळं उभंच राहिलं नाही, मालिकेची तयारी चित्रपटात वळवली आणि तो १९७९ च्या डिसेंबरात आला.

दुसरा प्रयत्न जमला. सप्टेंबर १९८७ मध्ये आलेली 'द नेक्स्ट जनरेशन' कोणत्याही मोठ्या वाहिनीला न विकता थेट स्थानिक केंद्रांना देण्यात आली: मालिका घ्या, बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं आमची. चाहत्यांनी नाकं मुरडली. कप्तान टकला, नाव फ्रेंच, उच्चार इंग्रजी, आणि जहाजाच्या नियंत्रणकक्षात चक्क क्लिंगॉन, म्हणजे मूळ मालिकेतल्या शत्रुजमातीचा माणूस! पहिली दोन वर्षं कुरकुरीला जागाही होती. त्यात १९८८ च्या लेखकांच्या संपामुळे दुसरं वर्ष २२ भागांत गुंडाळावं लागलं. तिसऱ्या वर्षापासून मात्र मालिका सावरली, सात वर्षं चालली, १७८ भाग झाले. आज नव्या मालिकांना शिव्या घालताना लोक जिचा दाखला देतात ती हीच. माझाही कल तिच्याकडेच आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

जानेवारी १९९३ च्या 'डीप स्पेस नाइन'वर आक्षेप सोपा होता: हे लोक कुठे जातच नाहीत. अंतराळस्थानक एका जागी, येणारेजाणारे वेगळे. निर्मात्यांनी ऐकलं, तिसऱ्या वर्षी एक लढाऊ जहाज दिलं, चौथ्या वर्षी मागच्या मालिकेतला तो क्लिंगॉन, वॉर्फ, आणून बसवला. पण मालिकेचं खरं बळ तिच्या सलग चालणाऱ्या युद्धकथेत होतं, आणि आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याला ते हाती लागत नव्हतं. पुढे डिस्कवर ओळीने पाहता आल्यावर तिची किंमत वाढली.

'व्हॉयेजर'ला जानेवारी १९९५ मध्ये थेट दुकानाच्या उद्घाटनालाच उभं केलं. पॅरामाउंटचं नवं जाळं, यूपीएन, तिच्यावरच सुरू झालं. जहाज घरापासून पंचाहत्तर वर्षांच्या वाटेवर हरवलेलं, अर्ध्या खलाशांचा बाकीच्या अर्ध्यांशी दावा. पण दर आठवड्याला जहाज कोरं करकरीत आणि दावा विसरलेला. यावर चिडलेल्यांत घरातला माणूसही होता: रोनाल्ड डी. मूर हा लेखक १९९९ मध्ये थोडेच दिवस राहून बाहेर पडला आणि पुढे नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त त्याने टंचाई, थकवा, मोडतोड, जे इथे नव्हतं ते सगळं दाखवलं.

इथे आमच्या टोकाची बाजू सांगायला हवी. मूळ मालिका आम्ही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली, अँटेना फिरवत. नव्वदच्या दशकात केबल आली आणि पुढच्या मालिका वाट्याला आल्या त्या उलटसुलट, मधलेच भाग. त्यात पावसाळ्यात एखादा माड तारांवर आडवा झाला की चार दिवस वीज नाही. अशा प्रेक्षकाला 'डीप स्पेस नाइन' म्हणजे मधूनच ऐकलेलं दशावतारी आख्यान, कोण कोणाचा वैरी याचा पत्ता नाही. आणि जिला अमेरिकेत विसरभोळी म्हणून हिणवलं, ती 'व्हॉयेजर' आम्हाला देवासारखी भेटली. कुठलाही भाग लावा, कळायचा. मित्राने तेव्हाही कुरकुर केली. आधीचे भाग मुंबईहून गणपतीत येणाऱ्या चाकरमान्याकडे असत, त्यामुळे त्याचं ज्ञान आमच्यापुढे एक वर्ष असे.

२००१ च्या 'एंटरप्राइज'ने तर पाटीच काढून ठेवली. पहिली दोन वर्षं नावात 'स्टार ट्रेक' नव्हतं, आणि सुरुवातीला वाद्यसंगीताऐवजी गाणं होतं. गाण्याविरुद्ध सह्या गोळा झाल्या. तिसऱ्या वर्षी नाव परत आलं. गाणं मात्र राहिलं. चौथं वर्ष चांगलं जमत असतानाच मालिका बंद झाली. मे २००५ च्या शेवटच्या भागात 'नेक्स्ट जनरेशन'ची माणसं मुख्य जागी आणून बसवली होती. लग्नाच्या जेवणात यजमानालाच पंगतीबाहेर बसवावं तसं ते झालं, आणि ज्यांनी चार वर्षं मालिका सोसली होती तेही उठून गेले.

बारा वर्षांनी 'डिस्कव्हरी' आली, सप्टेंबर २०१७ मध्ये. पहिला भाग सीबीएस वाहिनीवर फुकट, पुढचे पाहायचे तर कंपनीच्या नव्या सशुल्क सेवेत या. पाटी आणि दुकान इतकं उघडपणे एकत्र आधी कधी दिसलं नव्हतं. वाद मात्र क्लिंगॉनच्या केसांवरून झाला, कारण त्यांना टकले केलं होतं, आणि मूळ मालिकेतल्या स्पॉकला आजवर कोणी न ऐकलेली मानलेली बहीण दिली होती. दिपवणारी दृश्यं पाहून मला आमच्याकडचे ट्रिकसीनवाले दशावतार आठवले. त्यांना गर्दी होते आणि जुने रसिक मागे उभे राहून "ह्यो कसलो दशावतार" म्हणतात. दुसऱ्या वर्षी क्लिंगॉनना केस आले आणि मूळ मालिकेतल्या जहाजाचा आधीचा कप्तान पाइकही आला. तो इतका आवडला की लोकांनी त्याची वेगळी मालिका मागितली, आणि २०२२ मध्ये ती मिळाली.

अमेरिकेबाहेर 'डिस्कव्हरी' नेटफ्लिक्सवर होती. १६ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर झालं की ती तिथून निघते आहे. चौथं वर्ष दोन दिवसांनी सुरू होणार होतं. कंपनीला स्वतःची सेवा जगभर न्यायची होती, म्हणून माल गोदामात परत. त्यानंतर 'पिकार्ड' एका सेवेवर, दुसरी मालिका दुसरीकडे, काही कुठेच नाही, अशी आमच्यासारख्यांची पळापळ झाली. मग जुनी हार्ड डिस्क पुन्हा फिरू लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मुलांसाठी काढलेल्या 'प्रॉडिजी'चं तर २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच्याच सेवेवरून नाव पुसलं, दुसऱ्या वर्षाचं काम चालू असताना. ती नेटफ्लिक्सने उचलली आणि जुलै २०२४ मध्ये उरलेले वीस भाग एकदम दाखवले. मित्राच्या मुलीने ती पाहिली. तिच्या लेखी 'स्टार ट्रेक' म्हणजे तेवढंच. जहाजावर मुलांना शिकवणारी जी प्रकाशाची बाई आहे, ती कोण असं तिने बापाला विचारलं. ती 'व्हॉयेजर'ची कप्तान जेनवे. गेल्या गणपतीत मी गेलो तेव्हा आरतीनंतर दोघं पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते, 'व्हॉयेजर'चं पहिलं वर्ष लावून, आणि तो तिला सांगत होता की हे जहाज आता मोडलंय ना, पुढच्या भागात बघ, नवंकोरं असेल.