लॅपटॉपच्या स्क्रीनमधील बिघाड : निदान व दुरुस्ती

लॅपटॉपची स्क्रीन तडकणे, काळी पडणे, लुकलुकणे किंवा तिच्यावर रेघा उमटणे या बिघाडांचे मूळ शोधून दुरुस्ती करण्याचे काम. दोष स्क्रीनवर दिसतो, पण तो स्क्रीनमध्येच असतो असे नाही. चित्र तयार होते मदरबोर्डवरील (यंत्राच्या मुख्य सर्किट बोर्डावरील) ग्राफिक्स चिपमध्ये. तेथून ते एका बारीक केबलने बिजागरीजवळून वळसा घेत झाकणातल्या पॅनेलपर्यंत (चित्र दाखवणाऱ्या काचेच्या भागापर्यंत) जाते आणि पॅनेलमागचा बॅकलाइट लागला तरच डोळ्यांना दिसते. यातले काहीही बिघडले तरी वापरणाऱ्याला फक्त ‘डिस्प्ले गेला’ एवढेच कळते. नेमके काय बिघडले हे न पाहता थेट नवे पॅनेल घेणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक होय.

बहुतेक लॅपटॉपमध्ये एलसीडी पॅनेल असते. दोन पातळ काचांमध्ये द्रवस्फटिकांचा थर असतो. तो स्वतः उजळत नाही, मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. साधारण २०१० पर्यंतच्या अनेक यंत्रांत हा प्रकाश बारीक सीसीएफएल नळीतून (छोट्या ट्यूबलाइटसारख्या दिव्यातून) येई व तिला वीज पुरवायला वेगळा इन्व्हर्टर असे. पुढे ती जागा एलईडीच्या पट्टीने घेतली. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, त्यामुळे बॅकलाइटची तपासणी तिला लागू पडत नाही.

निदानाची सुरुवात एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडून करावी. विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबली की चित्र कोठे दाखवायचे ते निवडता येते. बाहेर चित्र स्वच्छ आले तर दोष बहुधा पॅनेल, केबल किंवा बॅकलाइटच्या बाजूला असतो. तिथेही त्याच रेघा दिसल्या तर ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा ग्राफिक्स चिपवर संशय घ्यावा. मॉनिटर हाताशी नसेल तर स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवावा. त्यात रेघा नसतील तर त्या पॅनेलच्या किंवा केबलच्या असण्याची शक्यता मोठी. बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) पानावरही स्क्रीन लुकलुकत असेल तर विंडोज पुन्हा टाकून काही साधत नाही. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये डी हे बटण दाबून धरून यंत्र सुरू केले की पॅनेल एकामागून एक सपाट रंग दाखवते. ही अंगभूत चाचणी फार उपयोगी आहे.

स्क्रीन काळी, पण यंत्र चालू असल्याचे आवाज येत असतील, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपी धरून पाहावे. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल काम करते आहे, बॅकलाइट बंद आहे. त्यामागे एलईडीची पट्टी, केबल किंवा मदरबोर्डवरचा छोटासा फ्यूज असू शकतो. फ्यूजची दुरुस्ती पॅनेलच्या मानाने खूपच स्वस्त पडते, म्हणून कारागिराला तो आधी तपासायला सांगावे.

झाकण पुढेमागे करताना चित्र जाते-येते तेव्हा संशय केबलवर जातो. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे २०१६ चा मॅकबुक प्रो. त्यातली बॅकलाइटची पातळ, लवचिक केबल झाकणाच्या प्रत्येक उघडझापीला ताणली जाई. आधी स्क्रीनच्या खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे प्रकाशाचे झोत दिसत, मग झाकण जास्त उघडले की प्रकाशच जाई. ही केबल डिस्प्लेचाच भाग असल्याने एका केबलपायी संपूर्ण डिस्प्ले बदलावा लागे. मे २०१९ मध्ये ॲपलने १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

काचेच्या कडेला चिकटवलेल्या, चित्राचे संकेत वाहणाऱ्या फिल्मचा जोड सुटला की पॅनेलवर उभ्या रेघा येतात. कडा दाबल्यावर रेघ नाहीशी झाली तरी तो उपाय नव्हे. साध्या दुकानात हा जोड पक्का होत नाही. तडकलेल्या पॅनेलवर पसरत जाणारा काळा डाग दिसतो. असे पॅनेल दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिले असताना झाकण मिटणे हे तडकण्याचे नेहमीचे कारण. कॅमेऱ्यावर जाड झाकणी लावून मॅकबुक मिटू नये, असा इशारा ॲपलने २०२० मध्ये दिला होता. टचस्क्रीनमध्ये कधी कधी फक्त वरची काच फुटते आणि आतले चित्र शाबूत असते.

पॅनेल बदलताना मॉडेलच्या नावापेक्षा जुन्या पॅनेलच्या पाठीवरचा क्रमांक पाहावा. त्यात १५६ हा आकडा असला तर तो बहुधा १५.६ इंच आकार दाखवतो. रिझोल्यूशन, कनेक्टर ३० पिनांचा की ४० पिनांचा आणि पॅनेल बसवण्याची पद्धत, हे सगळे जुळले पाहिजे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची जोडणी काढणे अत्यावश्यक आहे. वीज चालू असताना केबल काढली किंवा तिरपी बसली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. बिजागरी घट्ट झाली असेल किंवा तिच्या स्क्रूंची जागा तुटली असेल तर ती आधी नीट करावी, नाहीतर नव्या पॅनेलवरही तोच ताण येतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि दिल्लीत नेहरू प्लेस या सुट्या भागांच्या ओळखीच्या बाजारपेठा. पॅनेल नवे आहे की जुन्या यंत्रातून काढलेले, हे बिलावर लिहून घ्यावे. पडून फुटलेली स्क्रीन सर्वसाधारण वॉरंटीत बसत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते.

स्क्रीन फुटल्याने फाइल जात नाहीत. टीव्हीला जोडून त्यांची प्रत काढून घ्यावी आणि मगच यंत्र दुकानात द्यावे. काढलेले पॅनेल घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. जुन्या सीसीएफएल नळीत पारा असतो, त्यामुळे ती फुटणार नाही अशी गुंडाळूनच न्यावी.