पहिल्यांदा रक्त देणार असाल तर: आदल्या दिवसापासूनची तयारी

नमस्कार.

दरवर्षी गणपतीत आपल्या चौकातलं मंडळ रक्तदान शिबिर घेतं. आमचं औषधांचं दुकान मंडपाच्या अगदी समोर, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि लिंबू सरबत यांची सोय आमच्याकडे असते. शिबिरातून कोण हसत बाहेर येतं आणि कोण ‘मला नाही घेतलं’ म्हणत उतरलेल्या चेहऱ्याने घरी जातं, ते आम्हाला दुकानातून दिसतं. परत जाणाऱ्यांत पहिल्यांदा आलेली मंडळी बरीच असतात. त्यांच्यात दोष काहीच नसतो. कोणी उपाशी आलेलं असतं, कोणी रात्रभर देखाव्याचं काम करून तसंच आलेलं असतं, कोणाला अँटिबायोटिकचा कोर्स चालू असतो. कोणी आधी सांगितलं असतं तर यातले बरेच जण रक्त देऊन गेले असते. म्हणून यंदा हे पत्रक प्रत्येक बिलासोबत देत आहोत. तुम्हाला उपयोग नसेल तर घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला द्या.

आधी साध्या अटी. वय १८ पूर्ण हवं. रक्तदान ६५ व्या वर्षापर्यंत करता येतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल तर वय ६० च्या वर नसावं. वजन निदान ४५ किलो. तेवढ्या वजनाला ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ४५० मिलिलिटरची पिशवी ५५ किलोंच्या वर वजन असलेल्यांसाठी. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. शेवटचा निर्णय शिबिरातल्या डॉक्टरांचा असतो, आणि तो तुमच्याच भल्यासाठी असतो.

उपाशी येऊ नका

रक्त तपासायला जाताना उपाशी जायची आपल्याला सवय आहे. तीच सवय इथे घात करते. रक्तदानाला पोट भरून जायचं असतं. शेवटचं खाऊन चार तासांहून जास्त वेळ झालेला नसावा. पोहे, उपमा, पोळी-भाजी, वरण-भात, जे रोजचं असेल ते खा. फार तेलकट मात्र नको, कारण खूप तूप-तेलाच्या जेवणानंतर रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, दुधाळ दिसतो आणि तो वापरता येत नाही.

गणपतीच्या दहा दिवसांत एकादशी येते. त्या दिवशी शिबिर असेल आणि तुमचा उपवास असेल, तर साबुदाण्याच्या खिचडीवर भागवून नोंदणीला उभे राहू नका. उपवास करणाऱ्याचं रक्त घेऊ नये असा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी रक्तकेंद्रात जाऊन द्या. (रक्तपेढीलाच आता कायद्याच्या कागदांत रक्तकेंद्र म्हणतात.)

आदल्या दिवशी नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी प्या आणि रक्त देण्याच्या अर्धा तास आधी दोन मोठे ग्लास. उगीच सांगत नाही. मी स्वतः एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजच्या शिबिरात उपाशीपोटी गेलो होतो. दोन लेक्चरं बुडतील म्हणून नाश्ता टाळला आणि ‘खाल्लं का?’ या प्रश्नाला हो म्हणून मोकळा झालो. रक्त देताना काही वाटलं नाही. उठून जिन्याशी गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्राने धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. त्यानंतर पुढची सहा वर्षं मी रक्तदानाच्या वाटेला गेलो नाही. भीती सुईची नव्हती, त्या अंधारीची होती. एक प्लेट पोहे आणि दोन ग्लास पाणी पोटात असतं तर ती सहा वर्षं वाया गेली नसती.

झोपही तशीच महत्त्वाची. रात्रपाळी करून थेट येऊ नका. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर त्या दिवशी बेत रद्द करा. एसटी, ट्रक किंवा लांबच्या पल्ल्याची गाडी चालवणाऱ्यांनी पुढच्या ड्यूटीला निदान २४ तास असतील तेव्हाच रक्त द्यावं.

निळ्या पाण्यातला थेंब

आत गेल्यावर बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काढतात. काही ठिकाणी तो छोट्या यंत्रात तपासतात, काही ठिकाणी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब पटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे, तरंगत राहिला तर कमी. द्रावणाची घनताच अशी राखलेली असते की दर १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन असलेला थेंब तळाला जावा. स्त्री असो वा पुरुष, मर्यादा १२.५ चीच.

इथे आपल्याकडच्या बायका आणि मुली जास्त अडकतात. आठवडाभर बीट आणि खजूर खाऊन हिमोग्लोबिन वाढत नाही. दोन-तीन महिने लागतात, म्हणून शिबिर पुढच्या वर्षी असलं तरी सुरुवात आत्ता करा. हिरव्या पालेभाज्या, हळीव, कडधान्यं, आणि खाणारे असाल तर अंडी-मटण. सोबत लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तर आमच्याकडून गोळ्या नेऊन आपल्या मनाने सुरू करण्याऐवजी आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी होण्यामागे पाळीचा जास्त स्राव, जंत, मूळव्याध असं कारण दडलेलं असतं, ते सापडायला हवं.

तुमच्या गोळ्या

हा भाग आमच्या धंद्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: रक्त देता यावं म्हणून चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्या आजारासाठी गोळी आहे तो आजार आधी सांभाळायचा.

बीपीची गोळी चालू असली तरी रक्त देता येतं. मात्र वरचं बीपी १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० मध्ये हवं, आणि गेल्या २८ दिवसांत गोळी किंवा तिचा डोस बदललेला नसावा. साखरेचंही तसंच. गोळ्यांवर साखर ताब्यात असेल आणि चार आठवड्यांत डोस बदलला नसेल तर चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं रक्त घेत नाहीत. थायरॉइडच्या गोळीवर रिपोर्ट नॉर्मल असतील तर अडचण नाही. जीवनसत्त्वांच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही अडत नाही.

अँटिबायोटिकचा शेवटचा डोस घेऊन दोन आठवडे जाऊ द्या. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर ती गेल्या तीन दिवसांत घेतली का ते सांगा, कारण तिने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, निकामी होतात. तीच गोळी हृदयासाठी रोज चालू असेल तर मात्र रक्तदान तुमच्यासाठी नाही. फिटच्या आजाराच्या रुग्णांनीही देऊ नये.

दोन गोळ्यांबद्दल तरुण मुलं-मुली सांगायला विसरतात. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन आणि केस गळतीवरची फिनास्टेराइड. ‘ते काय औषध आहे का, ते तर दिसण्यासाठी’ असं वाटतं. पण तुमची पिशवी एखाद्या गरोदर बाईला चढवली गेली तर या औषधांनी पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबायचं.

लसींचं थोडक्यात: धनुर्वाताच्या इंजेक्शननंतर १४ दिवस. कुत्रं चावून रेबीजची लस घेतली असेल तर एक वर्ष.

खरं सांगण्याची जागा

मग एक फॉर्म भरायचा असतो. लांबलचक असतो, प्रश्न खाजगी असतात आणि मागे रांग उभी असते. तरी घाई करू नका. पत्रकात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

मलेरिया होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुनिया असेल तर सहा महिने, टायफॉइड असेल तर एक वर्ष थांबावं लागतं. टॅटू काढला किंवा कान-नाक टोचलं तर एक वर्ष. मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा स्वतःला रक्त चढवलं गेलं असेल तरीही एक वर्ष. बाळंतपणानंतर वर्षभर आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत आईने रक्त देऊ नये. पाळीच्या दिवसांतही नको. कधीही कावीळ झाली असेल तर कोणत्या प्रकारची होती ते डॉक्टरांना सांगा. ‘बी’ आणि ‘सी’ झालेल्यांना कधीच देता येत नाही.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, मग एवढे प्रश्न कशाला, असं विचारतात. कारण संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तो तपासणीत दिसत नाही, पण रक्तातून दुसऱ्याला होतो. त्या दिवसांत रुग्णाचं रक्षण फक्त तुमचं खरं उत्तर करतं. असुरक्षित संबंध आला असेल, सुईने नशा केली असेल, आणि केवळ ‘तपासणी होऊन जाईल’ म्हणून शिबिराला येत असाल, तर कृपा करून येऊ नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवतात.

मित्रांच्या घोळक्यात आलात आणि सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटला, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं आहे म्हणा. बाहेर येऊन ‘बीपी वाढलंय म्हणाले’ एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या दुकानासमोर कोणी तुम्हाला जास्त विचारणार नाही.

याच कारणासाठी आम्ही रक्तदात्यांना भेटवस्तू देत नाही. मंडळाने दोन वर्षांपूर्वी मिक्सर किंवा हेल्मेट देण्याचा विषय काढला होता. आम्ही नको म्हणालो आणि मंडळानेही ऐकलं. वस्तूवर डोळा असला की माणूस फॉर्मवर खोटं लिहायला लागतो. पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात १९९८ पासून बंद आहे, त्यामागेही हीच काळजी होती. सरबत आणि बिस्किटं मात्र पोटभर.

खाटेवर

सुई जाड असते, हे खरं आहे. बारीक सुईतून रक्ताच्या पेशी फुटतील, म्हणून जाड. टोचताना कळ येते, नंतर नुसतं जड वाटतं. पिशवी पाच-दहा मिनिटांत भरते. सुई, नळी आणि पिशवी नवी, एकदाच वापरायची असते, त्यामुळे देणाऱ्याला कसलाही संसर्ग होत नाही. तिकडे बघवत नसेल तर बघू नका. पहिल्यांदाच देत असल्याचं नर्सताईंना आवर्जून सांगा, त्या जास्त लक्ष देतात. गरगरायला लागलं तर पायावर पाय टाकून मांड्या आवळा आणि लगेच सांगा. भीतीने नाडी मंदावते आणि बीपी घसरतं, त्याची ती चक्कर असते. पाय उंच करून पडलं की थोड्या वेळात जाते.

साठ किलोंच्या माणसाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातलं ३५० मिलिलिटर म्हणजे बाराव्या हिश्श्याच्या आसपास. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात.

सुई काढल्यावर झटकन उठू नका. पाच मिनिटं पडून राहा, मग पंधरा मिनिटं बसून सरबत प्या. माझी अंधारी याच वेळेतली होती. पट्टी चार-पाच तास ठेवा, तासभर सिगारेट नको, जेवल्याशिवाय दारू तर नकोच. त्या हाताने सिलिंडर किंवा कळशी उचलू नका. ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींना खास सांगणं: त्या दिवशी ढोल कमरेला बांधायचा नाही. ताशाही नाही. टाळ वाजवा.

तुमच्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे करता येतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. साठवून ठेवायचं म्हटलं तरी मर्यादा आहे, म्हणून सणासुदीला आणि मे महिन्यात तुटवडा पडतो. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, सुट्टी असो की परीक्षा. आमच्याकडे औषधाला येणाऱ्या एका आईने सांगितलं, मे महिन्यात तिचा सकाळचा पहिला फोन रक्तकेंद्रालाच असतो. गणपतीत दिलंत तर पुढचं रक्त डिसेंबर-जानेवारीत आणि नंतरचं एप्रिल-मेमध्ये द्या, ही विनंती त्या आईसाठी. जवळच्या रक्तकेंद्रांची आणि शिबिरांची माहिती ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर मिळते.

रक्तगटाचं कार्ड जपून ठेवा. रक्तकेंद्रात गट दोन पद्धतींनी पडताळतात, त्यामुळे साध्या तपासणीत ‘ओ’ वाटणारा दुर्मीळ ‘बॉम्बे’ गटही तिथे लक्षात येतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी तो मुंबईत शोधला, म्हणून हे नाव. या गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचंही रक्त चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. तुमचा तो निघाला तर रक्तकेंद्राला तुमचा नंबर देऊन ठेवा.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी दुकान रात्री दहापर्यंत उघडं आहे. चालू असलेल्या औषधांची पाकिटं घेऊन या, त्यांची नावं आणि डोस आम्ही चिठ्ठीवर लिहून देऊ, ती डॉक्टरांना दाखवा. वजनकाटा दाराशीच आहे, त्याचे पैसे नाहीत. सकाळी येताना ओळखपत्र आणा, बाही सहज वर जाईल असा सदरा किंवा कुर्ता घाला, आणि नाश्ता करून या.