चेसापीकच्या शेतांत हिवाळ्यात राय का पेरतात, त्यामागची गोष्ट

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मेरीलँड राज्यात, चेसापीक खाडीच्या भोवती, नोव्हेंबरात मक्याची शेतं बघितली तर वाळलेल्या धसकटांमधून हिरव्या बारीक ओळी उठलेल्या दिसतात. ती राय. (आपली फोडणीची राई नव्हे हां, गव्हाच्या जातीतलं थंडीला दाद न देणारं धान्य.) ही खायला पेरलेली नसते, विकायलाही नाही, फक्त जमीन उघडी पडू नये आणि मक्याचं उरलेलं नत्र (नायट्रोजन) वाहून जाऊ नये म्हणून पेरतात. अशा पिकाला आच्छादन पीक म्हणतात.

तशी कल्पना जुनीच. तंबाखूने जमिनी पार झिजवल्या होत्या, म्हणून पोटोमॅक नदीकाठी माउंट व्हर्ननच्या आपल्या शेतावर जॉर्ज वॉशिंग्टन 18व्या शतकातच कुट्टू पेरून तो नांगरून गाडायचे, म्हणजे आपण ताग-धैंचा गाडतो तसंच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर दारूगोळ्याच्या कारखान्यांतून नत्रखतं निघायला लागली, गोणी स्वस्त झाली, मग बिवड (म्हणजे आधी कोणतं पीक होतं ते) कोण बघतो आणि गाडायला वेगळं पीक कोण घेतो, सगळं मागे पडलं.

त्याचा हिशोब निघाला तो पाण्यात. पोटोमॅकसारख्या बऱ्याच नद्या चेसापीक खाडीला मिळतात आणि सहा राज्यांचं पाणी तिथे येतं. जून 1972 मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने इतका गाळ आणला की पाण्याखालचं गवत आडवं झालं, तेच गवत जिथे खेकडे आणि मासे वाढतात. नंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने काही वर्षं अभ्यास केला, त्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाल्याने शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो हे पुढे आलं, आणि 1983 मध्ये मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डी.सी. यांनी खाडी वाचवायचा करार केला.

आता नत्र जातं कसं ते नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. मका निघाला की जमिनीत नत्र नायट्रेटच्या रूपात उरतं, त्याला मातीचे कण धरून ठेवत नाहीत, ते पाण्याबरोबर खाली जातं, आणि हिवाळ्यात पाऊस-बर्फ चालूच पण शेतात पाणी पिणारं कुणी नाही, बाष्पीभवनही नावाला, त्यात खाडीच्या पूर्वेची बरीचशी जमीन रेताड आणि कोंबड्यांचे फार्म भरपूर म्हणजे कोंबडखतही भरपूर. सगळं झिरपून भूजलात आणि तिथून ओढ्यात. रायचं रोप उपटून बघा, बोटभर पाल्याखाली केसांसारख्या मुळांचा झुपका निघतो, मातीसकट, सहज झटकला जात नाही. तीच मुळं ते नायट्रेट ओढून घेतात. 1980 च्या दशकात मेरीलँड विद्यापीठाच्या वाय रिसर्च सेंटरमध्ये रस ब्रिन्सफील्ड आणि केन स्टेव्हर यांनी हे शेतातच मोजायला घेतलं, तर मक्यानंतर राय घेतल्यावर झिरपणारं नायट्रेट जवळजवळ 80 टक्के कमी झालं. वसंतात राय मारली की ती कुजून त्यातलं काही नत्र पुढच्या पिकाला मिळतं.

पण ज्या पिकाचं एक पोतंही बाजारात जाणार नाही त्याच्या बियाण्याचा आणि डिझेलचा खर्च शेतकऱ्याने एकट्याने का सोसायचा? खाडीचे खेकडे सगळेच खातात. मला या सगळ्या कहाणीतलं सर्वात पटलेलं ते हेच, की 2004 मध्ये मेरीलँडने घराघरावर वर्षाला 30 डॉलरचा सांडपाणी आकार लावला, लोक त्याला ‘फ्लश टॅक्स’ म्हणतात, आणि सेप्टिक टँकवाल्या घरांकडून येणाऱ्या पैशातला 40 टक्के वाटा या आच्छादन पिकांसाठी ठेवला. 2012 मध्ये आकार 60 डॉलर झाला. अनुदानात लवकर पेरणाऱ्याला जास्त पैसे, कारण थंडी पडायच्या आत मुळं खोल गेली तरच उपयोग. म्हणून काहीजण काढणीची वाटही बघत नाहीत, मका उभा असतानाच विमानातून वरून बी फेकतात.