गंजातलं पाणी आणि ढगातला पायलट

गोंदियाजवळच्या बिरसीला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. बांधीत रोवणी करणाऱ्या बाया आता मान वर करूनही पाहत नाहीत. वर्गातली पोरं मात्र दरवर्षी विचारतात, "सर, ढगात गेल्यावर पायलटले वर-खाली कसं समजते जी?"

खरं सांगायचं तर त्याच्या शरीराला ते समजतच नाही.

हे दाखवायला मी पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, फिरत्या स्टुलावर ठेवतो आणि पाण्यावर चिमूटभर धानाचा भुसा टाकतो. स्टूल फिरवलं की आधी गंजच फिरतो, भुसा जागच्या जागी. हळूहळू पाणीही गंजाच्या वेगानं फिरू लागतं. स्टूल थांबवावं, तर भुसा आपला फिरतोच आहे!

आपल्या कानाच्या आत असे तीन गंज आहेत. एकमेकींशी काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, केसांसारख्या बारीक पेशी वाकतात आणि मेंदूला वळणाची खबर जाते. पण वळण एकसारखं चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेची बरोबरी गाठतो. पेशी सरळ होतात, खबर बंद. फुगडी थांबल्यावर आंगण उलटं फिरतं तेही ह्याच द्रवामुळे. या संतुलनाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल मिळालं.

एसटी वळणावर आपल्याला बाहेर ढकलते, म्हणून वळण कळतं. विमान नीट कलून वळतं, तेव्हा वजन थेट सीटवरच पडतं. हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. म्हणजे कानानं साथ सोडली आणि पाठही गप्प बसली. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे सांभाळून घेतात, ढगात तेही नाही.

मग विमान नकळत डावीकडे कलतं आणि खाली येऊ लागतं. पायलटला वाटतं, सरळच उतरतोय. तो नाक वर ओढतो, त्यानं वळण आणखी आवळतं. त्यानं पंख सरळ केले, तर कान ओरडतो, 'उजवीकडे वळलास!' आणि तो पुन्हा डावीकडे झुकतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगासारख्या स्थितीत उडवून पाहिलं. एकालाही विमान सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

म्हणून समोर कृत्रिम क्षितिज असतं, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण. पण तेही बिघडू शकतं. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं. कॅप्टनसमोरचं क्षितिज विमान उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं, प्रत्यक्षात ते सरळ होतं. त्यांनी डावीकडे वळवलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. दोन मिनिटांच्या आत २१३ माणसं गेली. त्या माणसांची आठवण ठेवूनच मी पोरांना सांगतो, की एका काट्यावर भिस्त ठेवायची नाही, बाकीच्यांशी ताडून पाहायचं.

प्रशिक्षक शिकाऊ पायलटला डोळे मिटायला लावतात, विमान अगदी हळूच कलवतात आणि विचारतात, सांग, कसं आहे? आमच्या गावचा एक पोरगा हे शिकून सुटीत घरी आला होता. "सर, मले तर एकदम सीधंच वाटत होतं," तो म्हणाला. "डोये उघडून पाह्यलं, त वैनगंगा खिडकीत उभी!"